ग्रंथदान आणि राष्ट्रमैत्री



आजच्या विषयाचे नाव ऐकून आपल्यापैकी पुष्कळांना थोडी धास्ती वाटली असेल. 'राष्ट्रमैत्री' हा शब्द व्यासपीठावरून उच्चारला गेला की श्रोता खुर्चीत सैलावतो. आता पाऊण तास गोड शब्द कानांवरून जाणार आणि त्यांपैकी एकाचाही आपल्या गावाशी संबंध असणार नाही, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. ही धास्ती अगदीच निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. म्हणूनच तत्त्वचर्चा बाजूला ठेवून आम्ही आज एका शहराची हकीकत सांगायचे ठरविले आहे. त्या शहरात एक मोठी आग लागली, त्याला परक्या देशातून पुस्तके आली, आणि ती पुस्तके ठेवायला त्या शहरापाशी जागाच नव्हती. हकीकत अमेरिकेतील शिकागोची आहे. पण तिचा शेवटचा धागा आपल्या घरपट्टीपर्यंत येऊन पोचतो, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मधूनच उठून जाणाऱ्यांना विचार करायला सवड मिळेल.

८ ऑक्टोबर १८७१, रविवार. त्या सालचा उन्हाळा तिकडे फार कोरडा गेला होता. शहर बहुतेक लाकडी. घरे लाकडाची, दुकाने लाकडाची, इतकेच काय, रस्त्यांच्या कडेच्या पायवाटासुद्धा फळ्यांच्या. रात्री एका गोठ्याच्या बाजूने आग उठली आणि वाऱ्याने ती शहरभर नेली. गाईने लाथ मारून कंदील पाडला म्हणून शिकागो जळाले, ही गोष्ट आपण शाळेत कधी ना कधी ऐकलेली असेल. ती खरी नाही. गोठ्याच्या मालकिणीला जन्मभर तो कलंक सोसावा लागला, आणि शिकागोच्या नगरसभेने तिला व तिच्या गाईला निर्दोष ठरविले ते १९९७ साली! नगरसभांचे काम सगळ्या जगात एकाच गतीने चालते असे दिसते. ते असो. आग मंगळवारी विझली तेव्हा सतरा हजारांवर इमारती गेल्या होत्या, सुमारे तीनशे माणसे मेली होती आणि तीन लाख वस्तीच्या त्या शहरातील एक लाख लोक उघड्यावर आले होते.

माणसांच्या हानीपुढे पुस्तकांच्या हानीचे नाव काढणे एरवी शोभणार नाही. पण आजचा विषयच तो आहे. तेथील इतिहास मंडळाचा संग्रह जळाला, आणि त्यात लिंकनने गुलामांच्या मुक्ततेचा जो जाहीरनामा काढला त्याच्या स्वहस्ताक्षरातील अखेरचा मसुदाही जळाला. तरुणांच्या एका मंडळाने १८४१ पासून चालविलेले ग्रंथालय होते, तेही गेले. मात्र हे ग्रंथालय वर्गणीदारांचे होते. आपल्याकडे पुण्यात १८४८ साली जी 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' निघाली, जिला आपण पुढे नगर वाचन मंदिर म्हणू लागलो, तशाच जातीचे. वर्गणी भरील त्याने पुस्तक न्यावे; न भरील त्याने दारावरची पाटी वाचावी. कोणीही यावे, फुकट वाचावे आणि खर्च शहराने करावा, असे ग्रंथालय आगीपूर्वीच्या शिकागोत नव्हतेच. हा मुद्दा ध्यानात असू द्यावा, कारण पुढची सारी गंमत त्यावर उभी आहे.

आगीची बातमी लंडनला पोचली. मदतीसाठी पैसा गोळा होऊ लागला, कपडे गोळा होऊ लागले. त्या कामात असलेल्या बर्जेस नावाच्या एका गृहस्थांना असे वाटले की अन्नवस्त्र तर दिलेच पाहिजे, पण ते संपून जाते. इंग्लंडने शिकागोला एक मोफत ग्रंथालय भेट द्यावे, म्हणजे सहानुभूतीची खूण मागे राहील. डिसेंबर १८७१ मध्ये ही कल्पना शिकागोच्या वर्तमानपत्रात प्रसिद्ध झाली. तिला खांदा दिला टॉमस ह्यूजेस यांनी. आपल्यापैकी ज्येष्ठ मंडळींनी इंग्रजी शाळेत 'टॉम ब्राऊन्स स्कूलडेज' वाचले असेल, त्याचे हे लेखक. ते त्या वेळी पार्लमेंटचे सभासद होते, आणि आदल्याच वर्षी अमेरिकेची यात्रा करून आले होते. एवढ्या मोठ्या शहराचे सार्वजनिक ग्रंथालय आगीत गेले असणार अशीच लंडनमधील या मंडळींची समजूत होती.

समजूत चुकीची होती, पण का झाली हे समजण्यासारखे आहे. इंग्लंडात १८५० सालीच असा कायदा झाला होता की नगरपालिकेला हवे असल्यास तिने कर बसवून मोफत ग्रंथालय चालवावे. मँचेस्टर, लिव्हरपूल, बर्मिंगहॅम येथे तशी ग्रंथालये उभी राहिली होती. तेव्हा शिकागोसारख्या धनाढ्य शहरात ते असेलच, असे कोणीही गृहीत धरले असते. खुद्द लंडनच्या बहुतेक पेठांत तोवर तसे ग्रंथालय नव्हते ही गोष्ट वेगळी! स्वतःच्या घरी नसलेली वस्तू दुसऱ्याकडे जळाली म्हणून हळहळणारी माणसे आम्हाला तरी फार प्रिय वाटतात.

पुस्तके जमली सुमारे आठ हजार. देणाऱ्यांत व्हिक्टोरिया राणी होती, डिझरायली होते, टेनिसन आणि ब्राउनिंग हे कवी होते, रस्किन होते, मॅथ्यू आर्नल्ड होते. अनेक पुस्तकांवर देणाऱ्याच्या सह्या होत्या. मोठ्या नावांखेरीज प्रकाशकांनी दिली, संस्थांनी दिली, साध्या माणसांनी दिली. प्रत्येक पुस्तकात एक छापील चिठी चिकटविलेली होती. तिचा मजकूर अगदी साधा: १८७१ च्या आगीनंतर शिकागो शहरात मोफत ग्रंथालय उभे राहावे म्हणून, इंग्लंडच्या सहानुभूतीची खूण म्हणून, अमक्याकडून. इतकेच. या चिठीकडे आम्हाला पुन्हा यायचे आहे.

आता या दोन देशांचे त्या वेळी कसे चालले होते ते पाहा. गोड चालले होते असे आपल्याला वाटेल. वस्तुतः दोन्ही घरची भांडी एकमेकांवर आदळत होती. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढलेले 'अलाबामा' नावाचे जहाज इंग्लंडातील बर्कनहेडच्या गोदीत बांधले गेले होते. त्याने उत्तरेची व्यापारी जहाजे समुद्रात गाठून गाठून बुडविली. युद्ध संपल्यावर अमेरिकेने इंग्लंडापाशी नुकसानभरपाई मागितली, आणि तिकडचे एक वजनदार पुढारी तर अशा आकड्यांच्या गोष्टी बोलू लागले की त्यात सगळा कॅनडा देऊन टाकावा लागला असता. मे १८७१ मध्ये वॉशिंग्टनला तह होऊन प्रकरण लवादाकडे सोपविण्याचे ठरले. लवाद जिनीव्हाला बसला तो त्याच डिसेंबरात, बर्जेस यांचे पत्र शिकागोत छापले गेल्यानंतर काही दिवसांनी. १८७२ च्या आरंभी भरपाईत काय काय धरायचे यावरून एवढे बिनसले की लवाद मोडतो की काय अशी पाळी आली. अखेर १४ सप्टेंबर १८७२ रोजी निकाल लागला: इंग्लंडाने एक कोटी पंचावन्न लाख डॉलर द्यावेत. इंग्लंडाने ते दिले.

येथे भाबडेपणाने असे म्हणण्याचा मोह होतो की पुस्तकांनी भांडण मिटविले. तसे काही झाले नाही. भांडण लवादाने मिटविले, पैशाने मिटविले, आणि दोन्हीकडच्या वकिलांनी त्यात आपली बुद्धी ओतली. आठ हजारच काय, आठ लाख पुस्तकांनीही 'अलाबामा'चा दावा फिटला नसता. आम्ही म्हणतो ते याहून लहान आहे, पण आमच्या मते ते खरे आहे. सरकारे एकमेकांवर दावे लावीत असताना इकडच्या माणसांनी तिकडच्या माणसांकडे, सरकारला न विचारता, पेटारे पाठविले. राजकारणाला बगल देऊन माणसाने माणसाशी बोलण्याची एक वाट असते आणि ती भांडणाच्या काळातही खुली ठेवता येते, एवढाच त्याचा अर्थ. तिला राष्ट्रमैत्री म्हणावे की आणखी काही, हा शब्दाचा प्रश्न झाला.

पण खरी गोष्ट पुढे आहे. भेट येते आहे असे कळल्यावर शिकागोकरांची अवस्था काय झाली असेल? पाहुणा लेकरांसाठी पाळणा घेऊन यावा आणि घरात लेकरूच नसावे, तशी! पुस्तके घेणार कोण? ठेवणार कोठे? ग्रंथपालाला पगार कोण देणार? इलिनॉय राज्यात शहराने ग्रंथालयासाठी कर बसवावा असा कायदाच नव्हता. वर्गणीच्या एखाद्या मंडळाच्या हवाली ती करता आली असती. पण चिठीवर छापलेले होते 'मोफत'. शहरातील प्रमुख नागरिकांनी महापौर जोसेफ मेडिल यांच्याकडे अर्ज करून जाहीर सभा बोलावली. तेथून सूत्रे हलली, आणि मार्च १८७२ मध्ये, म्हणजे आगीला अजून सहा महिनेही झाले नव्हते तेव्हा, इलिनॉयच्या विधिमंडळाने कायदा केला की शहरांनी कर बसवून मोफत ग्रंथालये व वाचनालये चालवावीत. एप्रिलमध्ये शहराने ठराव करून ग्रंथालय स्थापिले.

तारखा पुन्हा एकदा मनाशी लावून पाहा. एक तृतीयांश शहर बेघर. पेढ्या जळालेल्या, सरकारी दप्तरे जळालेली. अशा वेळी ज्यांना स्वतःला छप्पर नाही असे लोक पुस्तकांसाठी स्वतःवर कर बसवून घेतात. आपल्याकडे अशा वेळी काय झाले असते? 'आधी घरे उभी राहू द्या, पुस्तकांचे पुढे पाहू' असा ठराव झाला असता, आणि तो शहाणपणाचाही वाटला असता. ते 'पुढे' अजून आले नसते.

१ जानेवारी १८७३ रोजी ग्रंथालय उघडले. कोठे? पाण्याच्या टाकीत. हा अलंकार नव्हे. वापरात नसलेली एक लोखंडी टाकी शहरात शिल्लक होती, अठ्ठावन्न फूट व्यासाची, एकवीस फूट उंच. तिच्यात पुस्तके लावली. आरंभीचा संग्रह ३,१५७ पुस्तकांचा. त्या टाकीभोवती नगरपालिकेच्या कचेऱ्यांसाठी तात्पुरती इमारत बांधली होती. तिच्यावर कबुतरे इतकी बसत की लोक तिला कबुतरखानाच म्हणू लागले, आणि त्या जागी पुढे बांधलेली जी भव्य इमारत आज उभी आहे तिचे नावही तेच राहिले आहे. त्याच इमारतीत मग वरच्या मजल्यावर वाचनाची खोली निघाली. ऑक्टोबर १८७३ मध्ये विल्यम पूल या नामांकित ग्रंथपालाची नेमणूक झाली. मासिकांतील लेखांची विषयवार सूची करण्याचे काम ज्यांनी केले तेच हे पूल. १ मे १८७४ पासून पुस्तके घरी नेता येऊ लागली. तोपर्यंत संग्रह सतरा हजारांवर गेला होता. १८९७ साली ग्रंथालयाला स्वतःची दगडी इमारत मिळाली, रंगीत काचेच्या घुमटाची.

आगीने जे जाळले नव्हते ते दानाने उभे केले, असे या प्रकरणाचे वर्णन करता येईल. परंतु आम्हाला ते अर्धवट वाटते. दानाने उभी केली ती एक अडचण! ग्रंथालय उभे केले शिकागोकरांनी, आपल्या खिशातून. दानाची थोरवी एवढीच की त्याने घेणाऱ्याला गप्प बसू दिले नाही.

आता याच्या शेजारी दुसरी एक आग ठेवून पाहू. शिकागोच्या वर्षभर आधी, २४ ऑगस्ट १८७० च्या रात्री, प्रशियाच्या तोफांनी फ्रान्समधील स्ट्रासबुर्गचे ग्रंथालय जाळले. तीन लाखांवर पुस्तके गेली. बाराव्या शतकातील एका मठाधिकारिणीने चित्रांनी सजवून तयार करविलेला विख्यात ग्रंथ गेला. दोनच महिन्यांनी एका जर्मन ग्रंथपालाने आवाहन काढले: स्ट्रासबुर्गला पुस्तके द्या. पुस्तकांचा पूर लोटला. जर्मनीतून आली, जर्मनीबाहेरूनही आली, आणि थोड्याच वर्षांत तेथे जे ग्रंथालय उभे राहिले ते जळालेल्याहून मोठे होते. आकड्यांनी पाहू गेल्यास शिकागोचे आठ हजार त्यापुढे काहीच नव्हेत. मग ही राष्ट्रमैत्री झाली काय? मे १८७१ च्या तहाने स्ट्रासबुर्ग जर्मनीच्या घशात गेले होते आणि नवे ग्रंथालय कैसरच्या नावाने चालले होते. जाळले त्यांनीच, दिले त्यांनीच, आणि दिले ते आपल्याच नव्या मिळकतीत ठेवले. स्ट्रासबुर्गकरांनी काय केले? त्यांनी आपले शहराचे ग्रंथालय निराळे, नव्याने उभे केले. आवाहन करणाऱ्या विद्वानाच्या हेतूविषयी आम्हाला शंका घ्यायची नाही; पुस्तकांवर प्रेम करणारा मनुष्य राखेचा ढीग पाहून स्वस्थ बसत नाही. पण दान कोणत्या हाताने येते हे घेणारा पाहतो, आणि त्याने ते पाहू नये असे म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही. पुढे १९१८ साली स्ट्रासबुर्ग फ्रान्सकडे परत आले. ती जर्मन पुस्तके तेथेच राहिली आणि आज ती फ्रान्सच्या मोठ्या ग्रंथसंग्रहांपैकी एका संग्रहाचा भाग आहेत. पुस्तके माणसांपेक्षा अधिक सोशिक असतात.

तिसरे उदाहरण बेल्जममधल्या लूव्हेनचे. तेथल्या विद्यापीठाचे ग्रंथालय जर्मन सैन्याने ऑगस्ट १९१४ मध्ये जाळले. सुमारे तीन लाख पुस्तके. जगभर संताप उसळला आणि मदतही उसळली. मँचेस्टरच्या रायलँड्स ग्रंथालयाने युद्ध चालू असतानाच पुस्तके जमवायला आरंभ केला आणि दहा-अकरा वर्षांत पंचावन्न हजारांवर ग्रंथ लूव्हेनला पोचविले. एका ग्रंथालयाने दुसऱ्यासाठी इतके दिवस इतके चिकाटीने काम केल्याची उदाहरणे थोडी. याच वेळी व्हर्सायच्या तहात एक कलम घालून जर्मनीवरही तितक्याच मोलाची पुस्तके भरून देण्याची सक्ती झाली. म्हणजे एकाच कपाटात शेजारी शेजारी दोन प्रकारची पुस्तके आली: काही प्रेमाने आलेली, काही दंड म्हणून आलेली. वाचणाऱ्याला त्यांत फरक कळत नाही हे खरे. पण आम्ही विचारतो, दंडाच्या पुस्तकातून जर्मनीविषयी स्नेह उत्पन्न झाला असेल काय?

नवी इमारत अमेरिकन लोकांच्या देणग्यांतून झाली आणि तिचा शिल्पकारही अमेरिकन. त्याच्या मनात इमारतीच्या दर्शनी कठड्यावर लॅटिनमध्ये असे कोरायचे होते की ही वास्तू जर्मनांच्या क्रोधाने उद्ध्वस्त झाली आणि अमेरिकेच्या दानाने पुन्हा उभी राहिली. विद्यापीठाचे प्रमुख म्हणाले, नको. कित्येक वर्षांनी जर्मन विद्यार्थी पुन्हा येऊ लागतील, त्यांनी रोज सकाळी हे वाचीत आत शिरावे काय? शिल्पकार हट्टाला पेटला. भांडण वर्तमानपत्रांत गेले, कोर्टात गेले, कठड्याची मोडतोड झाली. ४ जुलै १९२८ ला इमारतीचे उद्घाटन झाले ते त्या ओळीवाचून. जळालेल्या गावाच्या माणसाला वैर विसरायचे होते, आणि समुद्रापलीकडच्या दात्याला ते दगडात कोरायचे होते! आता शिकागोच्या चिठीकडे पुन्हा पाहा. तिच्यात तिसऱ्या कोणाचे नाव नाही. दान देताना शेजाऱ्याला टोला मारायची संधी साधायची, हा मोह जगात सर्वत्र आहे. आपल्याकडच्या देणगीदारांच्या संगमरवरी पाट्याही कधी बारकाईने वाचून पाहाव्यात.

लूव्हेनची कथा येथे संपत नाही, पण आम्ही ती आवरती घेतो. मे १९४० मध्ये ते ग्रंथालय पुन्हा जळाले, या वेळी नऊ लाख पुस्तकांसह. पुन्हा उभे राहिले. आणि १९६८ नंतर भाषेच्या वादावरून विद्यापीठाचेच दोन भाग झाले तेव्हा पुस्तकांची वाटणी सम आणि विषम क्रमांकांनी झाली असे सांगतात. ज्या गावाने दोनदा परक्यांच्या हातची आग पाहिली त्याची पुस्तके अखेर घरच्या भावांनी वाटून घेतली. महाराष्ट्रात वाटणीच्या गोष्टी आपल्याला नव्या नाहीत, तेव्हा यावर अधिक बोलत नाही.

टोकियोविषयी मात्र एक वाक्य बोललेच पाहिजे, कारण त्यात हिंदुस्थानचा संबंध आहे. सप्टेंबर १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत तेथल्या विद्यापीठाचे ग्रंथालय गेले, आणि त्यात ऋग्वेदाची सायणभाष्यासह आवृत्ती सिद्ध करणाऱ्या मॅक्स म्यूल्लरचा खाजगी ग्रंथसंग्रह भस्म झाला. तो त्याच्या मृत्यूनंतर एका जपानी धनिकाने विकत घेऊन विद्यापीठाला दिला होता. पुढे अनेक देशांनी टोकियोला पुस्तके पाठविली आणि अमेरिकेतील रॉकफेलर यांनी इमारतीसाठी चाळीस लाख येन दिले.

आता आपण आपल्याकडे वळू. 'या सगळ्यात आम्ही कोठे होतो?' असा प्रश्न सभेत कोणाच्या तरी मनात आलाच असेल. ज्या सालात इंग्लंड शिकागोला प्रेमाने पुस्तके धाडीत होते त्या सालात आमची पुस्तके इंग्लंडात जात होती, पण ती प्रेमाने नव्हे, कायद्याने! १८६७ च्या कायद्याप्रमाणे येथे छापलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या प्रती सरकारजमा कराव्या लागत आणि त्यांतली निवडक लंडनला रवाना होत. आज जुन्या मराठी पुस्तकाची येथे न मिळणारी प्रत लंडनच्या संग्रहात सापडते ती अशी. सक्तीने गेलेले पुस्तकही तेथे नीट राहिले आणि स्वखुशीने येथे ठेवलेले वाळवीने खाल्ले, हा विचार सुखाचा नाही, पण तो टाळताही येत नाही.

आणि शिकागो? शिकागोशी मराठीचा संबंध जडला तो गव्हामुळे. १९५४ च्या अमेरिकन कायद्याने, ज्याला आपण पी. एल. ४८० म्हणून ओळखतो, त्यांचा गहू आपल्याला रुपयांच्या मोबदल्यात मिळू लागला. त्या लाल गव्हाच्या पोळ्यांविषयी वडील मंडळींना विचारावे. त्यांचे मत अजून कडक आहे. हे रुपये येथेच साठत गेले. १९५८ मध्ये अशी तरतूद झाली की त्यांतून पुस्तके घ्यावीत, आणि १९६२ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे दिल्लीतील कार्यालय हिंदुस्थानी भाषांतील नवी पुस्तके विकत घेऊन तिकडच्या विद्यापीठांना पाठवू लागले. त्यांत मराठी पुस्तके होती आणि त्या विद्यापीठांत शिकागो होते. गहू आम्ही खाल्ला, पुस्तके त्यांनी वाचली. हे दान नव्हे, हा सौदा. तथापि त्या सौद्यामुळे मिशिगन सरोवराच्या काठी मराठीचा असा संग्रह जमला की कित्येकदा येथल्या अभ्यासकाला तेथे चौकशी करावी लागते. आम्ही स्वतः होऊन, कोणी न मागता, जगातल्या एखाद्या शहराला मराठीची शंभर निवडक पुस्तके कधी पाठविली आहेत काय?

पाठवायची म्हटली तर कोणती? मॅथ्यू आर्नल्डने आपले स्वतःचे पुस्तक दिले. त्याला भाषेची अडचण नव्हती. आपली अडचण उघड आहे. परक्या गावाच्या सार्वजनिक ग्रंथालयात मराठी पुस्तक वाचील तो तिकडे स्थायिक झालेला मराठी मनुष्य. त्याची सोय अवश्य व्हावी. पण ती स्वकीयांची सोय झाली, मैत्री परकीयांशी करायची आहे. म्हणून निदान काही पुस्तके त्यांना वाचता येतील अशी हवीत. ती अगदीच नाहीत असे नव्हे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९५० सालीच इंग्रजीत गेली. माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५८ मध्ये गेली. युनेस्कोच्या मालेत ज्ञानेश्वरीचा इंग्रजी अनुवाद १९६७ पासून दोन खंडांत निघाला. राज्यकर्त्यांची चरित्रे आणि जाडजूड गौरवग्रंथ यांपेक्षा नाशिकजवळच्या एका बाईने, चुली-पाण्यात दिवस घालवीत, आपल्या नवऱ्याविषयी हसत-रडत लिहिलेले पुस्तक शिकागोच्या बाईला आपण कोण आहो हे अधिक चांगले सांगेल, असे आमचे स्पष्ट मत आहे. मतभेद असणाऱ्यांनी व्याख्यानानंतर जरूर भेटावे.

आणि द्यायचे तर कसे, याविषयी थोडे परखड बोलू. कोणत्याही गावच्या ग्रंथपालाला खाजगीत विचारून पाहा, देणगी म्हणून त्याच्याकडे काय येते? बदललेल्या अभ्यासक्रमाची पाठ्यपुस्तके, मार्गदर्शके, अर्धवट संचांचे सुटे खंड, रद्दीवाल्याने परत केलेली मासिके. घर रंगवायला काढले की ग्रंथदानाची बुद्धी होते. ग्रंथपालाला नाही म्हणता येत नाही, कारण देणारा प्रतिष्ठित असतो. आणि घेतलेले टाकता येत नाही, कारण ते नोंदवहीत चढलेले असते. देण्यापूर्वी ग्रंथालयाला काय हवे आहे ते पत्राने विचारावे, नको असेल ते देऊ नये, आणि दुसऱ्या देशात पाठवायचे असेल तर टपालाचा खर्चही आपणच सोसावा. आपल्या कपाटातून काढताना हाताला जरा जड वाटेल असे एकच पुस्तक द्यावे. ते वीस टाकाऊ पुस्तकांना भारी आहे.

परंतु देणाऱ्याला कितीही उपदेश केला तरी शिकागोची अर्धी गोष्ट घेणाऱ्याची आहे. आमच्या गावाला उद्या परदेशातून आठ हजार पुस्तके आली तर आम्ही ती कोठे ठेवू? मद्रास राज्याने १९४८ साली ग्रंथालयांचा कायदा केला आणि त्यात घरपट्टीवर लहानसा ग्रंथालय-उपकर ठेवला. आमच्या महाराष्ट्राने १९६७ साली कायदा केला. त्याने अनुदान ठेवले, श्रेणी ठेवल्या, ग्रंथालय संचालक ठेवला, आणि उपकर तेवढा ठेवला नाही. नागरिकांवर बोजा नको, अशी दृष्टी त्यामागे असेल. परिणाम असा की आमची सार्वजनिक ग्रंथालये अनुदानाच्या हप्त्याकडे आणि वर्गणीदारांच्या संख्येकडे डोळे लावून बसलेली असतात, आणि ग्रंथालय आपल्या पैशाने चालते, तेव्हा त्याची तक्रार करण्याचा आपल्याला हक्क आहे, ही भावना नागरिकाला कधी होतच नाही. राखेत बसलेल्या शिकागोने जो बोजा सहा महिन्यांत उचलला तो आम्हाला इतका जड का वाटावा? आजच्या सभेला आमच्या नगरपालिकेचे काही सभासद आलेले दिसतात. त्यांच्याकडे पाहून आम्ही मुद्दामच हे पुन्हा म्हणतो. कायद्यात उपकर नसला तरी अंदाजपत्रकात ग्रंथालयासाठी रक्कम धरायला कोणी अडविलेले नाही.

शेवटी, त्या आठ हजार पुस्तकांचे पुढे काय झाले ते सांगतो आणि आपली रजा घेतो. ती सगळी उरलेली नाहीत. जी उरली ती शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने आपल्या विशेष संग्रहात ठेवली आहेत. त्या ग्रंथालयाचे मुख्य ठाणे १९९१ पासून नव्या इमारतीत आहे. जुन्या घुमटाच्या इमारतीत आता शहराचे सांस्कृतिक केंद्र चालते. पुस्तकांतल्या त्या चिठ्या अजून जागच्या जागी आहेत, आणि शिकागोचा नागरिक त्या ग्रंथालयासाठी कर भरतो आहे.